काठावरचं म्हातारं

लोणारची पहिली खोड सांगतो. पाहुणा आला की ते आपली मुख्य गोष्ट लगेच दाखवत नाही. मेहकरकडून या किंवा मंठ्याच्या बाजूने या, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी, तूर आणि सोयाबीनची सपाट रानं. मग कृषी केंद्रांच्या पाट्या, एसटी स्टँड, चहाची हॉटेलं, रस्त्यात निवांत उभ्या असलेल्या गाई. बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हेच दिसतं. ज्याच्यासाठी जगभरातले भूगर्भशास्त्रज्ञ इथवर आले, त्या सरोवराची खूण म्हणाल तर एकही नाही. डोंगर नाही, पाण्याचा गारवा नाही, बगळ्यांची रांगही नाही. आपण चुकीच्या गावी उतरलो की काय, अशी शंका येऊ लागते. तेवढ्यात चार घरांच्या पलीकडे जमीन संपते.

संपते म्हणजे खरोखरच संपते. पायाखाली सुमारे दीडशे मीटर खोल उतार, समोर जवळजवळ पूर्ण गोल कडा, तळाशी झाडीचं कडं आणि मधोमध हिरवट, संथ पाणी. या काठापासून त्या काठापर्यंत अंतर सुमारे १.८ किलोमीटर. एवढं मोठं विवर पाठीशी असून बाहेरून कळत नाही, कारण त्याचा काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा जेमतेम वीसेक मीटर उंच आहे. लोणार काठावर बसलंय ते असं, सरोवराकडे पाठ आणि बाजाराकडे तोंड करून. पाहुण्याला आ वासलेला पाहायची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे.

तळं कुठे, असं विचारलंत तर उलट प्रश्न येतो, "कोन्तं? मोठं का ल्हानं?" हा प्रश्न नवख्याला गोंधळात टाकतो. लहान तळंही आहे. मोठ्या विवराच्या उत्तरेला, किलोमीटरभराच्या आतच, अंबर तळं नावाचा एक उथळ खळगा आहे. मोठं विवर पाडणाऱ्या आकाशातल्या पाषाणाचा एखादा तुकडा वेगळा होऊन इथे पडला असावा, असा काही अभ्यासकांचा कयास आहे. सिद्ध झालेलं नाही. त्या तळ्याच्या काठी मोठा मारुती आहे, आणि तो आडवा आहे. उड्डाणासाठी प्रसिद्ध असलेला देव लोणारात येऊन पडून राहिला, याचं गावाला काही वाटत नाही. मारुतीच्या दगडापाशी होकायंत्राची सुई हलते, हे मात्र ते प्रत्येकाला सांगतं, आणि कुणाकडे होकायंत्र असेल तर तिथे नेऊन दाखवतंही.

वयाच्या बाबतीत लोणार कुणाला दाद देत नाही. नमुने तापवून त्यांतून बाहेर पडणारा प्रकाश मोजणाऱ्यांनी विवराचं वय सुमारे ५२ हजार वर्षं काढलं. पुढे दगडातला आर्गॉन मोजणारे आले आणि त्यांचा आकडा निघाला सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षं. दोन्ही मंडळी शास्त्रज्ञ, दोघांच्याही पद्धती मान्यताप्राप्त, आणि तफावत अकरा पटींची. इतकी वर्षं चोरून दाखवणारं म्हातारं महाराष्ट्रात दुसरं नाही. ज्या काळ्या पाषाणात हे विवर पडलं तो दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या हिशोबात लोणार अजून पोर आहे.

जन्माच्या कथा दोन आहेत आणि गाव दोन्ही कथा सारख्याच विश्वासाने सांगतं. पहिली लोणासुराची. हा दैत्य इथे जमिनीखाली लपून राहायचा, बाहेर येऊन लोकांना आणि देवांना छळायचा. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या दोन बहिणींना आपलंसं केलं आणि त्यांच्याकडून लपायची जागा काढून घेतली. मग पायाच्या अंगठ्याने त्या बिळावरचं झाकण उडवलं आणि दैत्याला मारलं. सरोवराचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, आणि पाण्यातला खार म्हणजे त्याचं मांस. उडालेलं झाकणही कथेने वाऱ्यावर सोडलेलं नाही. नैर्ऋत्येला काही कोसांवर एक टेकडी आहे, तेच ते झाकण, आणि ते विवराच्या तोंडावर बरोबर बसेल असं जुने लोक सांगत. ब्रिटिश काळातल्या गॅझेटिअर लिहिणाऱ्यांनीही ही कथा झाकणासकट नोंदवून ठेवली आहे.

दुसरी कथा आकाशातून पडलेल्या पाषाणाची, आणि ती पटायला विज्ञानाला बराच वेळ लागला. जे. ई. अलेक्झांडर हा ब्रिटिश अधिकारी १८२३ मध्ये इथे येऊन गेला. त्याच्यानंतर आलेल्या बहुतेकांनी हे ज्वालामुखीचं काम ठरवलं. त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. अवघं दख्खनचं पठारच लाव्हाने बनलेलं, तेव्हा त्यातला खड्डा लाव्हानेच केला असणार, हा सरळ विचार होता. अमेरिकेतल्या जी. के. गिल्बर्टने १८९६ मध्ये ॲरिझोनातल्या विवराशी लोणारचं साम्य दाखवलं, पण त्याने ॲरिझोनाचं विवरसुद्धा वाफेच्या स्फोटाचं मानलं होतं. उल्कापाताचा विचार जोर धरू लागला तो १९६०च्या दशकात, आणि निकाल लागला १९७३ मध्ये. कर्ट फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी विवराच्या तळात बोअर घेतले, वर आलेल्या दगडांत मॅस्केलिनाइट हे काचेसारखं द्रव्य त्यांना सापडलं, आणि 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी ते जाहीर केलं. खनिजाची अशी काच व्हायला जो दाब लागतो तो ज्वालामुखीत निर्माण होत नाही. तो आकाशातून प्रचंड वेगाने येऊन आदळणाऱ्या पाषाणानेच होतो.

त्या दिवसांत माणूस चंद्रावर जाऊन नुकता परतला होता, आणि चंद्रावरचे काळे सपाट प्रदेश बेसाल्टचेच आहेत. पृथ्वीवर आघाताची विवरं शे-दोनशे सापडतील, पण बेसाल्टमध्ये पडलेलं, लहान वयाचं आणि इतकं नीट टिकलेलं विवर दुर्मीळ. चंद्र आणि मंगळ समजून घ्यायचे तर लोणारला या, असं तेव्हापासून झालं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७९ मध्ये त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलं. गावाने या मानाचा फार गाजावाजा केला नाही. ज्याच्या अंगणात विष्णूचा अंगठा टेकलेला आहे, त्याने सर्वेक्षणाच्या दाखल्याने किती हुरळून जावं?

आता म्हाताऱ्याचा खरा स्वभाव, म्हणजे पाणी. सरोवराचं पाणी तोंडात धरवत नाही. ते खारट तर आहेच, त्याहून जास्त ते क्षारीय आहे. हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं. कारण साधं आहे. विवरात पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही. झरे आणि पाऊस दगडांतले क्षार घेऊन खाली उतरतात, ऊन पाणी नेतं आणि क्षार मागे ठेवतं. हजारो वर्षं हा एकच व्यवहार चालू आहे. एवढ्या खारात माशांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंड घातलं नाही. पण सूक्ष्म शेवाळं मात्र असं फोफावतं की पाणी हिरवं दिसतं. काठाशी चिखलात पाय टाकला की सडक्या अंड्यांचा वास येतो. म्हाताऱ्याला जवळून भेटायचं तर हा वास सोसावा लागतो, त्यात सवलत नाही.

आणि याच खाऱ्या म्हाताऱ्याच्या काठावर, ईशान्य बाजूला, बारमाही गोड पाण्याचा झरा आहे. गाव त्याला धार म्हणतं. दगडी गोमुखातून पाणी अखंड पडतं, कुंडात साठतं, आणि तिथून खाली झाडीतून वाहत सरोवरात जातं. अवर्षणाच्या वर्षी आसपासच्या विहिरींनी तळ दाखवला तरी धार पडतच राहते, हा गावाचा अभिमान. विवरात दिसणारं सगळं नवल एका बाजूला ठेवा आणि पहाटे धारेवर जाऊन उभे राहा. लांबून आलेले यात्रेकरू डोक्यावर धार घेऊन "हर हर" करत कुडकुडतायत, शाळेत जाणारी पोरं घाईघाईने डोकं भिजवून पळतायत, एखादी म्हातारी कुणाच्याही रांगेची पर्वा न करता थेट पुढे जाऊन तांब्या भरतेय, आणि तिला कुणी काही म्हणत नाही. बाजूला पापहरेश्वर, कुमारेश्वर, यज्ञेश्वर अशी देवळं, काही उभी, काही वाकलेली, माकडं सगळ्यांवर सारखीच. लोणारचं खरं दर्शनी घर हेच आहे. चावडीवर जे बोललं जात नाही ते इथे ओल्या कपड्यांनी बोललं जातं.

गोड पाणी खाऱ्यात जाऊन मिळतं, ही लोणारची रोजची गोष्ट आहे, आणि तिच्यावर त्याने विनोदही करून ठेवलाय. खाली सरोवराच्या काठी कमळजा देवीच्या देवळासमोर एक विहीर आहे, तिचं नाव सासू-सुनेची विहीर. एकाच विहिरीत एका अंगाचं पाणी गोड आणि दुसऱ्या अंगाचं खारट. गोड सासू की गोड सून, हे विचारू नका. उत्तर सांगणाऱ्याच्या घरच्या परिस्थितीवर अवलंबून असतं. सरोवर चढलं की विहीर पाण्याखाली जाते आणि वाद तेवढ्यापुरता मिटतो.

या कडवटपणावर लोणारने कधीकाळी संसारही चालवला. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की काठावर पांढरी पापडी धरायची. मजूर पाण्यात उतरून तळाचा खारही काढायचे. त्याचे प्रकार होते, नावं होती: डल्ला, पपडी, भुस्की. साबणाला, काचेच्या बांगड्यांना, कापडावरचा रंग पक्का करायला हा खार जायचा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाडची माहिती लिहिताना लोणारची दखल घेतली ती याचसाठी. काच आणि साबण यांना लागणारं सारं इथे निघतं आणि सरकारला चांगलं उत्पन्न देतं, असं त्याने नोंदवलं. पुढे निजामाच्या आणि इंग्रजांच्या अमलातही खाराचे मक्ते दिले जात. मग कारखान्यांत बनलेला सोडा स्वस्त मिळू लागला आणि हा धंदा बसला. बांगडीच्या काचेत लोणार होतं, हे आज बांगड्या विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गावाच्या इतिहासातलं हे पान मला विवराच्या जन्माइतकंच मोलाचं वाटतं. उल्का आकाशातून पडली, पण उन्हातान्हात कमरेइतक्या बुळबुळीत पाण्यात उभं राहून खार काढणारी माणसं इथलीच होती आणि त्यांची नावं कुठल्याही नियतकालिकात छापली गेली नाहीत.

अबुल फजलने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, ही ती गोष्ट. लोणारला आपल्या धर्मस्थानाचा तोरा आहे आणि तो तोरा गावाच्या मधोमध दगडात उभा आहे. दैत्यसूदनाचं देऊळ बाहेरून पाहिलं तर त्याला शिखर नाही. भिंतीला इतके कोन आणि कंगोरे, की ऊन दिवसभर त्यांच्यावर खेळत राहतं आणि मूर्ती तासातासाला वेगळ्या दिसतात. आत अंधार. माहीतगार माणूस बॅटरी वर धरतो आणि छतावरचा सगळा देवलोक जागा होतो: दैत्याला मारणारा विष्णू, हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नृसिंह, आणि त्यांच्याभोवती माणसांची इतकी दाटी की मान दुखली तरी डोळे खाली येत नाहीत. मे महिन्याच्या मध्यास काही दिवस सूर्याचे किरण थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडतात, आणि त्या दिवसांत वऱ्हाडच्या उन्हालाही न जुमानता लोक दर्शनाला गर्दी करतात. देशोदेशीचे पर्यटक सरोवर पाहून हे देऊळ न पाहता परत जातात, याचं लोणारला मनापासून वाईट वाटतं. मलाही वाटतं. सरोवर निसर्गाने केलं. हे माणसांनी केलं, आणि तेही त्या खड्ड्याची कथा सांगण्यासाठीच केलं.

गावात अशा आणखी जागा आहेत. लिंबी बारव पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरते. विवराच्या आतल्या झाडीत वाघ महादेव, मोर मंदिर, रामगया अशी देवळं अर्धी वेलींत, अर्धी मातीत बसली आहेत. त्यांची यादी करण्यात अर्थ नाही. काठाकाठाने फेरी मारली तर सहाएक किलोमीटर होतात. खाली उतरून पाण्याच्या कडेने फेरी मारली तर अंतर कमी पण दम जास्त.

उतरायचं ठरवलंत तर म्हाताऱ्याचा दुसरा चेहरा दिसतो. वर कडुलिंब, साग, सीताफळी. थोडं खाली गेलं की झाडी दाटते, मोरांचे केकारव कानाशी येतात, वानरं फांद्यांवरून तुमच्या पिशवीचा अंदाज घेतात. पाण्याजवळ बाभळी. वारा काठावरच थांबतो, आत पोचत नाही. उतरताना वाटतं, किती सोपं आहे. चढताना लोणार हिशोब चुकता करून घेतं. दुपारी बारा वाजता टोपीशिवाय, पाण्याच्या बाटलीशिवाय उतरलेल्या तरुणांना वर येताना प्रत्येक वळणावर बसावं लागतं, आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाई त्यांच्या बाजूने न थांबता पुढे जाते.

म्हाताऱ्याला नटायची हौस आहे, हे जगाला २०२०च्या जूनमध्ये कळलं. देश टाळेबंदीतून नुकता बाहेर पडत होता आणि एके दिवशी सरोवराचं हिरवं पाणी गुलाबी झालेलं दिसलं. वार्ताहर आले, कॅमेरे आले, उपग्रहांची छायाचित्रं आली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही हा विषय गेला. पाण्याचे नमुने तपासणीला गेले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी कारण सांगितलं. कमी पाऊस, कडक ऊन, त्यामुळे वाढलेला खार, आणि अशा अतिखाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. बाटलीत भरलेलं पाणी काही काळ ठेवलं तर गुलाबी थर तळाशी बसायचा आणि वरचं पाणी नितळ व्हायचं. रोहित पक्ष्यांच्या पिसांना गुलाबी छटा येते ती असेच रंगद्रव्याचे जीव खाऊन, हेही तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं. पाऊस पडला आणि रंग उतरला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणार रामसर पाणथळींच्या यादीत गेलं. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं ते दुसरं.

नवरात्रात मात्र गाव काठावर बसून राहत नाही. वर्षभर सरोवराकडे पाठ करून बसणारं लोणार या नऊ दिवसांत कमळजेसाठी खाली उतरतं. आसपासच्या तालुक्यांतून माणसं येतात, अनेकांची ती कुलदेवता. अंधार असतानाच बाया पूजेची ताटं घेऊन पायवाटेने खाली जायला लागतात, लहान मुलं खांद्यावर, म्हातारी माणसं काठी टेकत. पहाटेच्या गारव्यात खालून आरतीचा आवाज वर काठापर्यंत स्पष्ट येतो, कारण विवर आवाज धरून ठेवतं. अलीकडच्या भरपूर पावसाच्या वर्षांत सरोवराचं पाणी वाढत वाढत देवीच्या देवळापर्यंत आलं. भाविकांना काळजी पडली आणि अभ्यासकांनाही, कारण गोड पाणी जास्त झालं की खार पातळ होतो, आणि या खारावर जगणारे जीव दुसरीकडे कुठे जाऊ शकत नाहीत.

इथे थोडं कडक बोलावं लागेल, कारण म्हातारं स्वतः बोलत नाही. विवरातून बाहेर जायची वाट नाही, म्हणून त्यात जे जातं ते तिथेच राहतं. धारेचं गोड पाणी जातं तसंच गावाचं सांडपाणीही नाल्यांतून खाली जात आलं. साबण, पावडर, शेतातली रासायनिक खतं, सगळं एका ताटात. गावातली आणि बाहेरची कळकळीची माणसं यासाठी न्यायालयात गेली, वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या, सांडपाण्यावर प्रक्रिया करायची योजना आली. काम पुढे सरकलं, पण संपलेलं नाही. सन २००० मध्ये विवर अभयारण्य झालं, आणि आत पूर्वी केळीच्या, पपईच्या बागा लावणाऱ्यांना बाहेर यावं लागलं. त्यांनी गमावलं ते वाचलेल्या रानाच्या आणि मोरांच्या हिशोबात मांडलं जात नाही. परदेशी वेडी बाभूळ आत घुसली आहे, तिला काढायला दरवर्षी हात लागतात. देवळांच्या सांध्यांतून पिंपळ उगवतात, आणि एकेक दगड सरकतो.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. आघाताच्या क्षणी विवरातून उडालेला मलबा काठाबाहेर सगळीकडे पसरला. त्या उधळलेल्या दगडमातीच्या थरावर गावाचा बराच भाग वसलेला आहे. एखाद्या घराचा पाया खणला, रस्त्यासाठी मुरूम काढला, की त्याबरोबर त्या दिवसाची साक्षही ट्रॉलीत भरून निघून जाते. खणणाऱ्याचा दोष म्हणता येत नाही. त्याला घर बांधायचं आहे आणि जमीन त्याची आहे. पण कुठे खणायचं, कुठे नाही, याचा नकाशा गावाच्या भिंतीवर लावून, शाळेच्या पोरांना शिकवून, घरमालकाला नुकसानभरपाई देऊन हे टिकवता येण्यासारखं आहे. सरोवर वाचवायचं म्हणजे काठावर तारांचं कुंपण घालायचं, असं नसतं. सरोवराचं भवितव्य गावाच्या गटारांत, घरांच्या पायांत आणि पोटापाण्यात आहे. लोणार गाव सुखात राहिलं तरच लोणार सरोवर राहील. ही दोन वेगळी माणसं नाहीत.

तेव्हा ओळख करून दिली आहे, आता भेटीला जाल तर एवढं करा. कड्यावर उभं राहून फोटो काढून तासाभरात गाडीत बसू नका. गावात एक रात्र राहा. पहाटे आधी धारेवर जा, मग ऊन चढायच्या आत खाली उतरा, आणि परत येऊन दैत्यसूदनाच्या छताखाली मान मोडेपर्यंत उभे राहा. गावातला माहीतगार वाटाड्या घ्या आणि त्याच्या कष्टाचे पैसे हात आखडता न घेता द्या. प्लास्टिकची बाटली जशी नेलीत तशी वर घेऊन या. काठावर चकाकणारा, हलका, काचेसारखा दगड दिसला तर हातात घ्या, मुलांना दाखवा आणि होता तिथेच ठेवा. तो खिशात घालून आणलात तर तुमच्या घरी तो नुसता दगड आहे. लोणारात तो पुरावा आहे.